दुखणे बोटात, मूळ मानेत

सुरुवात एका प्रयोगाने करू. त्याला साहित्य काहीच लागत नाही आणि बहुतेकांनी तो नकळत केलेलाही असतो. बाकाच्या कडेवर कोपराची आतली बाजू आपटली की काय होते? वीज चमकावी तशी कळ जाते आणि क्षणभर हात निकामी होतो. आता नीट आठवून पाहा, झिणझिण्या कोठे आल्या? आपटले कोपर, पण झिणझिण्या आल्या करंगळीत आणि तिच्या शेजारच्या अनामिकेच्या अर्ध्या भागात. करंगळीला तर कशाचा स्पर्शही झालेला नव्हता!

कारण सोपे आहे. करंगळीकडून येणारा मज्जातंतू कोपराच्या आतल्या बाजूला एका खोबणीतून जातो. तिथे तो कातडीच्या अगदी खाली असतो. कोपर आपटले की या तंतूला मध्येच धक्का बसतो आणि त्यातून संदेश निघतो. मेंदूला मात्र संदेश कोणत्या तारेतून आला एवढेच कळते, तारेच्या कोणत्या ठिकाणाहून आला हे कळत नाही. ही तार करंगळीची, म्हणून दुखणेही करंगळीचे, असा मेंदूचा हिशेब असतो.

शाळेतल्या विजेच्या घंटेचे उदाहरण घ्या. बटण कार्यालयात आहे, घंटा व्हरांड्यात आहे आणि वायर भिंतीतून गेली आहे. मध्येच कोठेतरी उंदराने वायर कुरतडली, दोन तारा एकमेकींना टेकल्या आणि घंटा वाजू लागली, तर ऐकणाऱ्याला वाटणार की कार्यालयात कोणीतरी बटण दाबले. बटण कितीही तपासले तरी दोष सापडणार नाही.

मानेच्या दुखण्याबाबत नेमकी हीच चूक अनेकदा होते. दोष असतो मानेत आणि आपण बोटांना मलम चोळत बसतो.

गणिताच्या सरांची गोष्ट

आमच्या परिचयाचे एक गणिताचे शिक्षक आहेत. वय पन्नाशीच्या आसपास. एका सकाळी त्यांची मान आखडली. उशी बदलली, शेकून पाहिले. दोन-तीन दिवसांनी मान थोडी मोकळी झाली, पण उजव्या खवाट्यापाशी सुरू होऊन दंडाच्या मागच्या बाजूने थेट मधल्या बोटापर्यंत कळ जाऊ लागली. फळ्याच्या वरच्या भागात लिहिताना ती वाढे. मधले बोट बधिर वाटे. बोटाला लागले असेल म्हणून बोटाचा एक्स-रे काढून झाला. रात्री झोप लागेना. उजवा हात डोक्यावर ठेवून बसले की जरा बरे वाटते, एवढा शोध त्यांना स्वतःलाच लागला होता. कोणी सांगितले, अर्धांगवायूची सुरुवात असेल. कोणी सल्ला दिला, न्हाव्याकडून मान मोडून घ्या. शेवटी खुर्चीच्या हातावर उजव्या हाताने जोर देऊन उठताच येईना, तेव्हा ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी बोट थोडेसेच पाहिले आणि मान, दंड व कोपर मात्र बराच वेळ तपासले.

या गोष्टीतली जवळजवळ प्रत्येक बारीक माहिती अर्थपूर्ण आहे. ती उलगडण्यासाठी आधी मानेची रचना पाहू.

सात मणके, आठ मुळे

माणसाच्या मानेत सात मणके असतात. जिराफाच्या मानेतही सातच असतात, फक्त लांब. दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती असते. तिलाच बोली भाषेत गादी म्हणतात. तिचा बाहेरचा भाग चिवट तंतूंचा, तर आतला मऊ, पाणीदार असतो. सर्वांत वरच्या दोन मणक्यांच्या मध्ये मात्र चकती नसते. मणक्यांच्या मागच्या पोकळीतून मज्जारज्जू खाली जातो. त्यातून दोन्ही बाजूंना मज्जातंतूंची मुळे निघतात आणि मणक्यांच्या बाजूच्या लहान खिडक्यांतून बाहेर पडतात. पुढे ती एकमेकांत मिसळतात, पुन्हा विभागतात आणि खांदा, दंड, हात व बोटांकडे जातात.

बोलताना आपण 'नस दबली' किंवा 'शीर दबली' म्हणतो. हे शब्द रक्तवाहिनीसाठीही वापरले जात असल्याने घोटाळा होतो. या लेखात आपण मज्जातंतूबद्दल आणि तोही जिथे मज्जारज्जूतून बाहेर पडतो त्या मुळाबद्दल बोलत आहोत.

मणके सात असले तरी मानेतल्या मुळांच्या जोड्या आठ असतात. विद्यार्थ्यांना हे कोडे घालण्यासारखे आहे. उत्तर असे: पहिले मूळ पहिल्या मणक्याच्या वरून निघते, दुसरे दुसऱ्याच्या वरून, असे करत सातवे सातव्याच्या वरून. सातव्या मणक्याच्या खाली जी जागा उरते तिच्यातून आठवे निघते. त्यामुळे पाचव्या व सहाव्या मणक्यांमधली चकती सरकली तर त्रास सहाव्या मुळाला होतो आणि सहाव्या व सातव्यांमधली सरकली तर सातव्याला. सर्वाधिक त्रास सातव्या मुळाला होतो, त्याखालोखाल सहाव्याला.

नागिणीने काढलेला नकाशा

कोणत्या मुळाकडे शरीराचा कोणता भाग असतो हे कसे समजले? या शोधाला आपल्या सर्वांच्या परिचयाच्या एका आजाराची मदत झाली. तो आजार म्हणजे नागीण.

लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचे विषाणू शरीरातून पूर्णपणे जात नाहीत. मज्जातंतूच्या मुळापाशी संवेदना वाहून नेणाऱ्या पेशींची एक छोटी गाठ असते, तिथे ते वर्षानुवर्षे दडून राहतात. पुढे कधीतरी ते जागे झाले की एखाद्याच मुळातून खाली उतरतात आणि त्या मुळाच्या ताब्यातल्या कातडीवर फोडांचा पट्टा उठतो. म्हणूनच नागीण बहुधा शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी येते. नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो, हा समज निराधार आहे. एका बाजूच्या मुळाचा पट्टा शरीराच्या मध्यरेषेपाशी संपतो, हे त्यामागचे खरे शास्त्र.

लंडनचे डॉक्टर हेन्री हेड यांनी नागिणीच्या शेकडो रुग्णांच्या अंगावरचे पट्टे नोंदवले आणि त्यावरून शरीराचा नकाशा तयार केला. ए. डब्ल्यू. कॅम्पबेल यांच्यासह लिहिलेला त्यांचा निबंध १९०० साली प्रसिद्ध झाला. हेड यांचा उत्साह एवढा दांडगा, की १९०३ साली त्यांनी स्वतःच्याच हातातला एक संवेदी मज्जातंतू शस्त्रक्रियेने कापून घेतला आणि संवेदना कशी परत येते हे आपले मित्र रिव्हर्स यांच्या मदतीने पुढे काही वर्षे तपासले. नंतरच्या संशोधकांनी या नकाशात बरीच भर घातली आणि दुरुस्त्याही केल्या.

हाताच्या नकाशाचा ढोबळ सारांश असा:

पाचवे मूळ – खांद्याची व दंडाची बाहेरची बाजू. कमजोरी आली तर हात बाजूला उचलणे जड जाते.

सहावे मूळ – हाताची अंगठ्याकडची बाजू, अंगठा, बरेचदा तर्जनीही. कोपर वाकवणे किंवा मनगट वर उचलणे जड जाते.

सातवे मूळ – दंडाची व हाताची मागची बाजू आणि मधले बोट. कोपर सरळ करून ढकलणे जड जाते.

आठवे मूळ – हाताची आतली बाजू, करंगळी व अनामिका. मूठ घट्ट आवळणे जड जाते.

अंगठा सहा, मधले बोट सात, करंगळी आठ, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. मात्र या सीमा जिल्ह्यांच्या सीमांसारख्या रेखीव नसतात. शेजारच्या पट्ट्यांची सरमिसळ असते आणि व्यक्तीगणिक थोडा फरक असतो. म्हणून डॉक्टर केवळ एका बोटावरून निर्णय करत नाहीत. वेदना, बधिरपणा, स्नायूंची ताकद आणि प्रतिक्षिप्त क्रिया या चारही गोष्टी एकाच मुळाकडे बोट दाखवतात का, हे पाहतात.

आता सरांकडे परत जाऊ. मधले बोट बधिर, दंडाच्या मागून कळ, हाताने जोर देऊन उठता न येणे, हे सगळे सातव्या मुळाशी जुळते. डॉक्टरांनी कोपराच्या वर मागच्या बाजूला रबरी हातोडीने हलकेच ठोकले, तेव्हा डाव्या हाताला झटका बसला, उजव्याला बसला नाही. या प्रतिक्षिप्त क्रियेचा मार्गही मुख्यतः सातव्या मुळातूनच जातो.

नुसता दाब की जळजळ?

मुळाला त्रास होतो तो मुख्यतः दोन कारणांनी. तरुण व मध्यम वयात चकतीचा आतला मऊ भाग बाहेर येऊन मुळाला टेकतो. वय वाढते तशी चकती सुकून बसकी होते, कडेने हाडाची वाढ होते आणि खिडकी अरुंद होते. मान मागे नेऊन दुखऱ्या बाजूला वळवली की ही खिडकी आणखी अरुंद होते. फळ्याच्या वरच्या भागात लिहिताना सरांची कळ का वाढत होती, ते यावरून समजते. हात डोक्यावर ठेवला की मुळावरचा ताण कमी होतो, म्हणून आराम पडतो. हे लक्षण डॉक्टरांच्याही चांगले परिचयाचे आहे.

पण नुसत्या दाबाने सगळे स्पष्ट होत नाही. निरोगी मुळावर दाब आला तर मुख्यतः बधिरपणा येतो. कळ येते ती सुजलेल्या मुळाला धक्का लागला म्हणजे. स्वीडनमधील ओल्मार्कर आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली डुकरांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. चकतीच्या आतला मऊ भाग काढून त्यांनी तो त्याच प्राण्याच्या मज्जातंतूंच्या मुळांवर, कोणताही दाब न देता, नुसता ठेवला. तुलनेसाठी दुसऱ्या गटात त्याच जागी चरबी ठेवली. काही दिवसांत पहिल्या गटातल्या मुळांमधून संदेश जाण्याचा वेग लक्षणीय कमी झाला. म्हणजे चकतीतल्या द्रव्यांमुळेच मुळाचा दाह होऊ शकतो.

यातून एक दिलासादायक गोष्ट निघते. दाह ओसरू शकतो. बाहेर आलेला चकतीचा तुकडाही अनेकदा काही महिन्यांत आकसतो.

साधे मानदुखीचे दुखणे कोणते?

बहुतेक मानदुखी मज्जातंतूची नसते. वह्यांचा गठ्ठा तपासताना तासन्‌तास मान खाली राहिली, झोपेत अवघडली, प्रवासात डुलकी लागली, की स्नायू व सांधे दुखतात. हे दुखणे ठसठसणारे असते, मानेभोवती व खांद्यावर राहते, कधी डोक्याकडे जाते. ते सहसा कोपराच्या खाली उतरत नाही. बोटे बधिर होत नाहीत, हाताची ताकद जात नाही.

मज्जातंतूच्या मुळाचे दुखणे वेगळे असते. ते एका रेषेत, चमक मारत, बहुधा एकाच हातात खाली उतरते. मुंग्या ठरावीक बोटांत येतात. बरेचदा हातातली कळ मानेपेक्षा जास्त असते, त्यामुळे मानेकडे लक्षच जात नाही.

सारखी दिसणारी इतर दुखणीही आहेत. रात्री अंगठा, तर्जनी व मधल्या बोटाला मुंग्या येऊन जाग येते, हात झटकला की बरे वाटते आणि मान मोकळी आहे, तर मज्जातंतू बहुधा मनगटात दबलेला असतो. कोपर दुमडून फार वेळ बसल्यावर फक्त करंगळीच्या बाजूला मुंग्या येत असतील तर संशय कोपरावर जातो. दोन्ही पायांच्या तळव्यांपासून मुंग्या सुरू झाल्या असतील तर मधुमेह किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता तपासावी लागते. आणि छातीवर दडपण, घाम, धाप यांच्यासह डावा हात, मान किंवा जबडा दुखू लागला, तर नकाशा पाहत बसू नये. ते हृदयाचे दुखणे असू शकते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा तडक रुग्णालय गाठावे.

चित्रात दिसते ते सगळे दोषी नसते

हात दुखू लागला की लगेच एमआरआय करावा, असे अनेकांना वाटते. जपानमध्ये मानेची कोणतीही तक्रार नसलेल्या १२११ व्यक्तींचे मानेचे एमआरआय केले गेले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ८७.६ टक्के लोकांमध्ये चकती फुगलेली आढळली. विशीतल्या तरुणांतही हे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या वर होते. म्हणजे चित्रात चकती फुगलेली दिसली म्हणून तीच दुखण्याचे कारण, असे ठरत नाही. चित्रातला दोष आणि शरीरावरचा नकाशा जुळला तरच त्या चित्राला अर्थ. म्हणून तपासणी आधी आणि चित्र नंतर, तेही गरज असेल तर.

हे दुखणे पुढे कसे वागते? अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टर गावातील १९७६ ते १९९० या काळातल्या ५६१ रुग्णांचा अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. त्याचे प्रमुख लेखक कुरुपथ राधाकृष्णन पुढे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेचे संचालक झाले. त्या गावात दरवर्षी लाखामागे सुमारे ८३ जणांना हा त्रास होत होता आणि सर्वांत जास्त प्रमाण ५० ते ५४ या वयात होते. आधी काही श्रम किंवा इजा झाल्याची नोंद जेमतेम १५ टक्के रुग्णांत होती. म्हणजे 'मी असे काय उचलले?' या प्रश्नाला बहुतेक वेळा उत्तर नसते. सुमारे एकचतुर्थांश रुग्णांवर शस्त्रक्रिया झाली, जवळजवळ एकतृतीयांश जणांना त्रास पुन्हा उद्भवला. पण शेवटच्या तपासणीच्या वेळी ९० टक्के रुग्ण एकतर पूर्ण बरे होते किंवा त्यांना किरकोळ त्रास उरला होता.

केव्हा थांबू नये?

आमचा पेशा संशोधनाचा, उपचारांचा नव्हे. औषध, व्यायाम, पट्टा यांचा निर्णय डॉक्टरांनीच करावा. पण वेळ दवडू नये अशी काही लक्षणे प्रत्येकाला माहीत असायला हवीत.

१. हाताची ताकद कमी होत चालली आहे.

२. दोन्ही हात बेढब झाले आहेत. शर्टाची बटणे लावणे, सुईत दोरा ओवणे जमत नाही, अक्षर बिघडले आहे.

३. चालताना तोल जातो, पाय जड किंवा ताठ वाटतात.

४. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला आहे.

५. पडल्यावर किंवा अपघातानंतर मान दुखते आहे.

६. मानदुखीबरोबर ताप आहे, वजन घटते आहे, किंवा पूर्वी कर्करोग झालेला आहे.

दुसरे, तिसरे व चौथे लक्षण विशेष महत्त्वाचे. इथे एखादे मूळ नव्हे, तर प्रत्यक्ष मज्जारज्जूच दबलेला असू शकतो. मुळाला वेळ देता येतो, मज्जारज्जूला देता येत नाही. गंमत अशी की या स्थितीत दुखणे फारसे नसतेही. त्यामुळे 'आता वय झाले' असे म्हणून घरातल्या वृद्धांच्या अडखळत्या चालीकडे दुर्लक्ष होते. दुखत नाही म्हणजे काही बिघडले नाही, हे इथे खरे नाही.

आणि मान मोडून घेण्याबद्दल. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्याही असतात. जोराने झटका देऊन मान वळवली तर त्या रक्तवाहिनीच्या आतल्या थराला चीर पडून मेंदूचा रक्तपुरवठा बिघडल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. न्हाव्याच्या खुर्चीत बसून हा धोका पत्करू नये. मान दाबून कळ येते का पाहण्याची एक तपासणी डॉक्टर करतात. स्पर्लिंग आणि स्कोव्हिल यांनी ती १९४४ साली वर्णन केली. तीही घरी किंवा वर्गात करून पाहण्याची नाही.

वर्गात करता येईल ते एवढेच: प्रत्येकाने वहीत आपल्या पंजाची बाह्यरेखा काढावी, अंगठ्यावर ६, मधल्या बोटावर ७, करंगळीवर ८ लिहावे आणि घरी मोठ्या माणसांना तो नकाशा समजावून सांगावा.

ज्याला त्रास होत असेल त्याने डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी चार ओळी लिहून न्याव्यात. कळ कोठून कोठे जाते? कोणते बोट बधिर आहे? कशाने वाढते, कशाने कमी होते? कोणते काम करता येईनासे झाले आहे? आमच्या गणिताच्या सरांनी हे आधी लिहिले असते, तर बोटाचा एक्स-रे काढावा लागला नसता. त्यांच्यावर शस्त्रक्रिया करावी लागली नाही. कळ दीड-दोन महिन्यांत गेली, ताकद यायला त्याहून जास्त वेळ लागला. आता ते फळ्याच्या मधल्या भागातच लिहितात आणि वरचा भाग उंच मुलांना लिहायला सांगतात.